चैत्रातलं ओलं मीठ

१

डबा जागेवर नव्हता.

मंगळवारची सकाळ. सखुबाईच्या हातात चहाचा कप होता आणि गॅरेजमधून धाकट्याचा आवाज आला, "आये." एवढंच. पण प्रणय तसं नुसतं "आये" म्हणाला, की काहीतरी बिघडलंय हे ती दोन वर्षांत शिकली होती. कप तिथंच ओट्यावर ठेवून ती निघाली.

गॅरेज ओळखू येत नव्हतं. चार दिवसांपूर्वी तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. ट्रेलरचे झिजलेले टायर, फाटक्या ताडपत्र्या, साखळ्या, दोरखंड, रिकामे कॅन, आणि सगळ्याच्या मागं नवऱ्याच्या, काळूरामच्या, मिठागरातल्या लाकडी फळ्या. काळूराम जाऊन नऊ वर्षं झाली, मिठागर भरावाखाली जाऊन चोवीस. फळ्या मात्र होत्या. शनिवार-रविवार दोन दिवस खपून थोरल्या सुनेनं, विनितानं, सगळं उपसलं. ठेवायचं, द्यायचं आणि टाकायचं असे तीन ढीग केले आणि ठेवायचं ते खोक्यांत भरून लोखंडी मांडणीवर लावलं. प्रत्येक खोक्यावर जाड पेनानं चित्र. पान्याचं खोकं, त्यावर पाना. दोरीचं खोकं, त्यावर वेटोळं. सखुबाईला दोन यत्ता झालेल्या, आकडे आणि स्वतःचं नाव सोडून वाचायची बोंब. ही चित्रं आपल्यासाठीच हे तिनं पहिल्या नजरेत ओळखलं होतं आणि तिला ते झोंबलं होतं. 'मना काय बालवाडीत घातलंय काय?' असं ती रविवारी सगळ्यांसमोर बोललीही होती.

आता प्रणय सगळ्यात वरच्या फळीकडे बोट दाखवत होता. तिथं कागदावर चाकाचं चित्र काढून चिकटवलं होतं. त्याच्यामागं काही नव्हतं.

"बिस्किटाचा डबा," तो म्हणाला. "दांडा होता त्यात. आज वकीलबाईंना द्यायचाय."

सखुबाईनं खालच्या दोन्ही फळ्या चाचपल्या.

दोन वर्षांपूर्वी बंदराच्या रस्त्यावर प्रणयच्या ट्रेलरखाली एक सायकलवाला गेला. 'ब्रेक दाबला, लागला नाय,' पोरगं पहिल्या दिवसापासून एवढंच सांगत होतं. तपासायला आलेल्या माणसानं गाडी बाहेरून बघून ब्रेक ठीक असल्याचं लिहिलं. गावानं ठरवलं, मोबाइलवर असणार. कुणी म्हणालं, प्यायलेला असणार. गाडी सुटून घरी आली, मेकॅनिक कमलेशनं चाक उघडलं, तेव्हा आतला ब्रेकचा दांडा मधोमध मोडलेला निघाला. वीतभर लोखंड. तेल लावून, फडक्यात गुंडाळून तो डब्यात ठेवला. पहिल्या वकिलानं ढुंकून पाहिलं नाही. महिन्यापूर्वी नवी वकीलबाई आली, ती म्हणाली, "मोडलेलं तोंड जाणकाराला दाखवू. लोखंड आधीच चिरलेलं होतं की धडकेनं मोडलं, ते तोंडावरून कळतं." गुरुवारी तारीख होती.

दांडा नसेल तर प्रणयचा शब्द नुसता शब्द. आणि त्या शब्दावर तो तुरुंगात जाणार की घरी येणार ते ठरायचं होतं.

थोरला, परेश, ट्रेलरांचा मालक, दात घासत दारात येऊन उभा राहिला. रिकामी फळी बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"भंगारात गेला. बाळाजीचा टेंपो परवा भरून गेला नाय का? विनी, तुला सांगितलं होतं ना बघून टाक म्हणून."

विनिता स्वयंपाकघरातून आली होती.

"मी नाही टाकला," ती म्हणाली.

"मंग काय पाय फुटलं त्याला?" सखुबाई म्हणाली. "आज कुनी घराभायेर जायचं नाय. मी इचारनार हाय. एकेकाला."

२

सुनेला तिनं पडवीत बसवलं. विनिता तळा गावची. डोंगरातली पोर, बारावी झालेली, आठ वर्षं या घरात. सखुबाईच्या मते आठ वर्षांत तिला बोंबील नीट साफ करता येत नव्हते, ही एकच गोष्ट पुरेशी होती.

"खरं सांग. रागावनार नाय."

"तुम्ही रागावणार आई. पण खरंच सांगते. शनिवारी दुपारी डबा मी सगळ्यात वर ठेवला. मुद्दाम. कुणाचा हात लागू नये म्हणून. चाकाचं चित्र तुमच्यासाठी काढलं, तुम्हाला लांबून दिसावं."

"दिसलं. चाक हाय, डबा नाय. उघडून बघितलावतास?"

"उघडला होता. दांडा फडक्यात होता, तेलानं चिकट."

"शनिवारी दुपारनंतर गॅरेजात कोन कोन आलं?"

"संध्याकाळी कमलेशभाऊ आले, त्यांचा जॅक न्यायला. रविवारी दुपारी भंगारवाला. बाकी आपण घरातलेच."

"आनि ह्यो उपद्व्याप काढलास कशाला? दहा वर्सं गॅरेज हाय तसं हाय. मोबाइलात कुनाचं तरी घर बघायचं आनि आपल्या घराला आग लावायची."

विनिताच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही. "तीन वर्षं मी मागं लागलेय, यांनी ऐकलं नाही. एक खिळा टाकू देत नव्हते. गेल्या आठवड्यात आपणहून म्हणाले, काढ सगळं, या शनिवारीच काढ. मला वाटलं, बरं झालं."

सखुबाईनं तिकडं लक्ष दिलं नाही. नवरा नाही म्हणाला तरी बायकोचा दोष, हो म्हणाला तरी बायकोचा, असा तिचा साधा हिशेब होता.

"अजून काय?"

"काही नाही. हां, एक. रिकामे कॅन मी शनिवारी धुऊन, पुसून लावले होते. पाच. रविवारी बघते तर एकाच्या तोंडाला पांढरी कड. कुणीतरी सोडा-बिडा भरला असेल. परत धुतला."

"दांडा हरवलाय आनि ही मना कॅन सांगते," सखुबाई म्हणाली आणि उठली. चप्पल घालताना तिनं मागं वळून विचारलं, "डब्याचं झाकन घट्ट होतं?"

"माझी नखं दुखली उघडताना."

म्हणजे आपोआप उघडून कुठं घरंगळला, हेही गेलं.

३

बाळाजीचं भंगाराचं आवार गावाच्या टोकाला, जुन्या मिठागराच्या बांधाला लागून. पलीकडे अजून एक आगर चालू होतं, सगळ्या पंचक्रोशीत राहिलेलं तेवढंच. चैत्राच्या उन्हात मिठाच्या राशी डोळ्यांत खुपत होत्या. सखुबाईनं तिकडं पाहिलं नाही. ती तिकडं कधीच पाहत नसे.

"ये गो सखुबाय," बाळाजी खाटेवरून उठला. "भंगार परत न्यायला आलीस काय?"

"तुला इकलं असतं तरी कुनी परत नेलं नसतं. परवाचा माल कुठं हाय?"

"त्यो काय. आजून फोडला नाय."

दोघांनी मिळून पोती उपसली. चौथ्या पोत्यात, फाटलेल्या रबरी नळ्यांच्या खाली, बिस्किटाचा डबा निघाला. झाकण घट्ट. तिनं पदरानं हात पुसले आणि झाकण ओढलं.

आत फडकं होतं. दांडा नव्हता.

बाळाजी मान खाजवत म्हणाला, "मी हात लावला नाय. देवाशपथ."

"तुझ्या देवाला मधी घेऊ नको, त्याला दुसरी कामं असतील. पोतं कुनी बांधलं होतं?"

"सगली बांधूनच ठेवलेली व्हती. सुनंनं दाखवली, ही न्यायची म्हनून. मी उचलली. डबा मना कशाला पायजे? माझ्याकडं असली वीस टोपली दांडं पडल्यात, बघ."

ते खरं होतं. बाळाजीला मोडका दांडा चोरायचं काही कारण नव्हतं.

सखुबाई खाटेच्या कडेवर बसली आणि फडकं तिनं मांडीवर पसरलं. चुकून टाकला असता तर डबा दांड्यासकट पोत्यात आला असता. इथं कुणीतरी दांडा काढून घेतला, झाकण परत घट्ट लावलं आणि रिकामा डबा पोत्यात खुपसला. का? तर सगळ्यांनी म्हणावं, विनितानं भंगारात घातला.

हे चुकीनं झालेलं नव्हतं. सुनेवर घालायचं म्हणून झालेलं होतं.

आणि फडकं. ते तेलानं नुसतं चिकट नव्हतं, चोळामोळा झालं होतं. सगळीकडं काळ्या बोटांचे फराटे. ज्याला दांडा पळवून जपून ठेवायचा असता, त्यानं फडक्यासकट नेला असता. यानं आधी दांडा घासून कोरडा केला, मग नेला.

खाडीकाठच्या गावात लोखंडाचं तेल पुसतं कोण?

४

कमलेशचं दुकान नाक्यावर. घाटावरचा माणूस, बारा वर्षांपूर्वी आला, लोकांच्या गाड्यांखाली झोपून त्यानं संसार केला. सखुबाईला बघून तो ट्रकखालून सरपटत बाहेर आला आणि हात पुसतच राहिला.

"काकी, प्रणयनं फोन केला होता. मी फक्त जॅक घेतला. परेशभाऊ होते तिथंच, त्यांना विचारा."

"त्येला इचारीन. आदी तुला इचारते. त्यो दांडा गाडीला कुनी बसवला होता?"

कमलेशनं खाली पाहिलं. "मी."

"म्हंजे जानकारानं दांडा खराब म्हटला, की त्यो इचारनार, बसवला कुनी. आनि लोक म्हननार, कमलेशनं. दांडा गेला तर तू सुटलास. व्हय का नाय?"

"तसं असतं तर मी चाक उघडून दाखवलंच नसतं, काकी. गपचूप दुसरा बसवला असता. कुणाला कळलं असतं?"

हे बरोबर होतं. पण माणूस घाबरलेला होता, घाम नाकाच्या शेंड्यावरून टपटपत होता, आणि घाबरलेल्या माणसाला ती सहज सोडत नसे.

"मंग घाबरतोस कुनाला?"

"बसवला मी," कमलेश हळू म्हणाला. "पण..." आणि तिथंच थांबला. रस्त्यावरून गेलेल्या मोटारसायकलकडे उगाच बघत राहिला.

"पन काय?"

"माझ्या पोटावर पाय नका देऊ काकी. दुकानात येणाऱ्या दर दुसऱ्या गाडीवर कुणाचं नाव असतं, तुम्हाला ठाऊक आहे."

तो परत ट्रकखाली गेला. त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते आणि ते हलत नव्हते.

सखुबाई घरी चालत आली. ऊन डोक्यावर होतं. तिला काहीतरी कळत होतं आणि ते कळून घ्यायचं नव्हतं.

५

घरी प्रणय गॅरेजच्या पायरीवर बसला होता. पोरगं सव्वीस वर्षांचं, पण दोन वर्षांत खांदे म्हाताऱ्यासारखे झाले होते. अपघातापासून त्यानं साधी कारसुद्धा हातात घेतली नव्हती.

"रिकामा डबा घावला," सखुबाईनं सांगितलं.

"राहू दे आये." तो आपल्या उजव्या पायाकडे बघत होता. "मला आता कधीकधी वाटतं, मी दाबलाच नसेल. एवढी लोकं सांगतात. इन्स्पेक्टरनं लिहिलं, कोर्टात वाचून दाखवलं. दादूस पण म्हणाला, कदाचित घाबरून पाय चुकला असेल. मला आता तो पाय आठवत नाही."

सखुबाई त्याच्याशेजारी पायरीवर बसली.

दिवेलागणीला तिनं त्याची दृष्ट काढायची ठरवली. कोर्ट काय करेल ते करेल, पण मिठावर तिचा भरवसा होता. त्यातही दुकानातल्या मिठावर नाही. गॅरेजच्या कोपऱ्यात निळं प्लॅस्टिकचं पिंप होतं. त्यात काळूरामनं काढलेलं शेवटचं मीठ, भराव पडायच्या आदल्या हंगामातलं. लग्न, बाळंतपण, दृष्ट, एवढ्यालाच तिनं मूठमूठ काढलं होतं. विनितानं सफाईत सगळ्याला हात लावला, या पिंपाला नाही. त्यावर तिनं चित्रही काढलं नव्हतं. "हे तुमचं," एवढंच म्हणाली होती.

दर वेळी मीठ काढलं की सखुबाई वरचं सारखं करून त्यावर तळवा दाबून ठेवायची. तो उमटलेला हात बघितला की तिला वाटायचं, कुणीतरी राखणीला बसलंय.

तिनं झाकण काढलं. हाताचा ठसा नव्हता.

मीठ होतं तिथंच होतं, पिंपाच्या दुसऱ्या वळ्याला लागून, नेहमीसारखं. एक बोटही खाली नाही. तिनं मूठ घातली आणि चटका बसावा तसा हात मागं घेतला.

मीठ ओलं होतं.

मिरगात ओलं झालं असतं तर ती काही बोलली नसती. पावसाळ्यात मीठ घामतं. पण हा चैत्र होता आणि झाकण घट्ट होतं.

तिनं बाह्या सारल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातला. खाली बोटांना काहीतरी टणक लागलं. तिनं ते बाहेर ओढलं.

दांडाच होता. लालभडक. जसा काही वर्षभर खाडीत पडला होता. मोडलेल्या तोंडावर गंजाचे पोपडे आले होते आणि तिच्या अंगठ्याखाली ते भुसभुशीत होऊन गळत होते.

तिच्या ओरडण्यानं सगळे आले. प्रणयनं दांडा हातात घेतला आणि तो खाली बसला. विनितानं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

परेश सगळ्यात शेवटी आला. दांड्याकडे बघितलं, पिंपाकडे बघितलं आणि जड आवाजात म्हणाला, "विनी, जपून ठेवायला म्हणून तिथं घातलास ना? सांग ना तसं. आये, तिचा दोष नाय. तळ्याची ती, तिला काय ठाऊक मीठ लोखंड खातं ते."

विनितानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. आठ वर्षांचा संसार त्या बघण्यात होता.

सखुबाई मिठानं माखलेला हात पुसायचं विसरली होती.

"दार लाव परेश," ती म्हणाली. "आनि बस."

६

ती उलट्या टोपलीवर बसली. बाकीचे तिघं मांडणीवरच्या दिव्याच्या उजेडात होते, वर खोक्यांवरचे पाने, दोऱ्या, चाकं.

"विनिता, दोन गलास आन. एकात नळाचं पानी."

तिनं दुसऱ्या ग्लासात पिंपातलं, दांड्याच्या खड्ड्यात झिरपलेलं पाणी ओंजळीनं काढलं. खड्ड्यात ते चांगलं वीतभर साठलं होतं. मग दोन्ही ग्लासांत मुठीतलं थोडं थोडं मीठ टाकलं आणि बोटानं ढवळलं.

नळाच्या पाण्यातलं मीठ बघताबघता दिसेनासं झालं. पिंपाच्या पाण्यातलं मीठ तळाशी बसलं होतं, खड्यासकट.

"दिसलं? गोडं पानी मीठ खातं, मिठानं भरलेलं पानी खात नाय," ती कुणाकडंच न बघता बोलायला लागली. "ज्येनं दांडा मिठात घातला, त्येला सुकं मीठ पुरनार नव्हतं. सुक्या मिठात लोखंड महिनाभर तग धरतं. त्येला घाई होती, गुरवारच्या आत तोंड खाऊन जायला पायजे होतं. म्हनून आदी तेल पुसलं, मंग वरून पानी ओतलं. आता विनितानं ओतलं असतं तर काय ओतलं असतं? नळाचं. तळ्याला डोंगराचं पानी, तिला दुसरं ठाव नाय. कमलेशनं ओतलं असतं तरी नळाचंच. आनि नळाचं पानी कॅनभर ओतलं तर मीठ इरघळतं. पिंप खाली बसतं. मी दुसऱ्या वळ्याला खून धरून हाय, मना झाकन काढल्याबरोबर कळलं असतं."

ती थांबली. परेश खोक्यावरच्या चित्राकडे बघत होता.

"मीठ एक बोट खाली गेलं नाय. म्हंजे पानी आगराचं होतं. कोंड्यातलं, मीठ पिकतं त्या वाफ्यातलं, मिठानं भरलेलं. त्या पान्याला अजून मीठ पचत नाय. म्हनून आगरात मीठ धुतात ते आगराच्याच पान्यानं. ह्ये पुस्तकात नसंल. ह्ये आगरात राबलेल्या मानसालाच ठाव. बाळाजीच्या पलीकडं आगर हाय, तिथनं कॅन भरून आनला. कॅनच्या तोंडाला पांढरी कड आली, ती मना विनितानं सांगितली, आनि मी तिच्यावर खेकसले."

"आये," परेश म्हणाला.

"थांब. ह्या घरात आगरात राबलेली तीन मानसं. एक वर गेला. एक मी. आगर गेलं तवा प्रणय दोन वर्सांचा, त्येला मिठाची रास दिसली तर त्यो चाटायचा. तू सात वर्सांचा होतास तवा बापाच्या राशीवर घागरभर गोडं पानी ओतलंस, खेळ म्हनून. अर्दी रास गेली. बापानं मारला. मी तुला मांडीवर घेऊन समजावलं, मीठ धुवायचं ते खाऱ्याच पान्यानं रं पोरा. मीच शिकवलं तुला."

बाहेर रस्त्यावरून कंटेनर गेला. मांडणी थरथरली आणि थांबली.

"गॅरेज उपसायला तूच सांगितलंस. तीन वर्सं तिला खिळा टाकू दिला नाय, आनि वकीलबाईनं दांडा मागितल्यावर म्हनालास, काढ. रिकामा डबा पोत्यात घातलास, म्हंजे बायकोच्या डोक्यावर फुटंल. मिठात घावला तरी ती अडानी म्हनून तिच्याच डोक्यावर. दोन येळा फोडलंस तिच्या डोक्यावर, परेश."

परेश खाली मान घालून बसला होता. अडतीस वर्षांचा, तीन ट्रेलरचा मालक, गावात चालताना लोक ज्याला वाट देतात असा तिचा लेक. जत्रेत त्याच्या नावानं फलक लागला की ती दोन दिवस मान खाली करत नसे.

"खाडीत टाकायला गेलो होतो आधी," तो म्हणाला. "पुलावर उभा राहिलो. हात उघडला नाय. फेकला असता तर तो गेलाच असता, कायमचा. म्हटलं, राहू दे घरात, फक्त तोंड जाऊ दे. बुधवारी मीच शोधून दिला असता. गंजलेला म्हणून कुणाला काय कळलं नसतं."

"कमलेशला दांडा कुनी दिला होता?"

"मी. जुन्या बाजारातला. चीर होती. कमलेश नको म्हणाला होता. मी म्हटलं, आठ दिवस चालव, नवा येतोय."

"आनि गाडी आठ दिवस उभी का नाय केलीस?"

परेशनं वर, थेट तिच्याकडे पाहिलं.

सखुबाईला ती सकाळ आठवली. याच दारात. परेश म्हणाला होता, आये, तीन नंबरची गाडी आठवडाभर उभी ठेवतो, काम आहे. आणि ती ओरडली होती, दारात उभी गाडी बघून लोक काय बोलतील, काळूरामच्या पोरांना भाडं मिळत नाय म्हनतील, काढ भायेर. गाडी दुपारी बाहेर गेली. प्रणय घेऊन गेला.

दोन वर्षं ती कुणाकुणाला शिव्या घालत होती. इन्स्पेक्टरला, वकिलाला, गावाला, सुनेला. त्या यादीत एक नाव राहिलं होतं.

"माझंबी हाय त्यात," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "गुरवारी तू सांगशील. चिरलेला दांडा होता आनि तुला ठाव होतं. मीबी सांगेन, उभी गाडी मीच काढाय लावली. वकीलबाईला ह्यो दांडा दाखवू, उरलंय तेवढं. नायतर तोंडानं सांगू."

"मी आत जाईन आये. गाड्या..."

"त्यो जाईल म्हनून तुला चाललं होतं?"

प्रणय इतका वेळ गंजलेला दांडा मांडीवर घेऊन बसला होता. त्याला खटल्याचं, तुरुंगाचं काही सुचत नसावं. त्यानं फक्त एक विचारलं.

"दादूस. म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं, मी ब्रेक दाबला होता?"

परेशचा चेहरा तेव्हा फुटला. त्यानं मान हलवली. हो.

"दाबला होतास," तो म्हणाला. "तू दाबला होतास रे."

प्रणयनं डोळे मिटले आणि तसाच बसून राहिला. विनितानं खाली वाकून त्याच्या हातातला दांडा घेतला आणि पदराला पुसला. परेशकडे तिनं पाहिलं नाही. त्या रात्री नाही, नंतरही बरेच दिवस नाही.

गुरुवारी सकाळी कोर्टात जायला घरची जुनी कार काढायची होती. नेहमीप्रमाणे परेशनं खुंटीवरून चावी घेतली आणि दारात येऊन थांबला. कमलेश आधीच मागच्या सीटवर अंग चोरून बसला होता. त्याला सखुबाईनं आदल्या दिवशी त्याच्याच दुकानातून, ट्रकखालून पाय धरून ओढून आणला होता.

प्रणय पुढं झाला. त्यानं भावाच्या हातातली चावी घेतली.

"तू मागं बस दादूस."

सखुबाई पुढच्या सीटवर बसली. मांडीवर दांडा, विनितानं धुतलेल्या फडक्यात. काहीतरी बोलावं, 'जमंल का तुला' असं विचारावं, हे तिच्या ओठांपर्यंत आलं. तिनं ते गिळलं.

प्रणयनं इंजिन चालू केलं. गाडी अजून जागेवरच होती. त्यानं उजवा पाय उचलला, ब्रेकवर ठेवला आणि दाबला. सोडला. पुन्हा दाबला, पायाच्या सगळ्या जोरानं, आणि तसाच धरून ठेवला.

"लागतो," तो म्हणाला.

मग त्यानं गाडी दारातून बाहेर काढली.